फेरी शेवटची, प्रश्न नियमाचा

अबू धाबीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तिथे संध्याकाळी पाचला शर्यत सुटते तेव्हा बंगळुरूत रविवारचे साडेसहा वाजलेले असतात. वर्षभर फॉर्म्युला वन पाहणाऱ्याला ऑस्टिन आणि मेक्सिकोच्या शर्यतींसाठी मध्यरात्र ओलांडून जागावे लागते. हंगामाची ही अखेरची शर्यत मात्र चहाची वेळ संपून जेवणाची सुरू व्हायच्या आत आटोपते. कोरमंगला आणि इंदिरानगरातल्या पबमध्ये मोठ्या पडद्यावर ती लागते, घरोघरी मोबाइलवर लागते. गेल्या काही वर्षांत या एका शर्यतीने दोनदा जगज्जेतेपद ठरवले, आणि दोन्ही वेळा अगदी थोडक्यात: १२ डिसेंबर २०२१ ला शेवटच्या फेरीत, आणि ७ डिसेंबर २०२५ ला अवघ्या दोन गुणांनी. पहिल्या निकालावरचा संताप महिनोन्‌महिने धुमसत राहिला. दुसऱ्या निकालावर हळहळ झाली, वाद झाले, पण निकालाविरुद्ध दाद मागायला कोणी गेले नाही. आवडता ड्रायव्हर दोन्ही वेळा कोणाचा ना कोणाचा हरलाच होता. मग प्रतिक्रियांत एवढा फरक का पडला? माझे म्हणणे असे की, प्रेक्षकाला हार पचते, पण ऐन वेळी वाकवलेला नियम पचत नाही. आणि असा नियम वाकतो तेव्हा उठणारा प्रेक्षकांचा आरडाओरडा हा खेळाला लागलेला रोग समजू नये. खेळाच्या कारभाराची तपासणी बाहेरून करणारे दुसरे कोणी नसते, ती या आरडाओरड्यातूनच होते.

२०२१ च्या त्या संध्याकाळी नेमके काय झाले ते आधी नीट पाहू. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स वर्स्टॅपन यांचे गुण शर्यतीआधी अगदी सारखे होते, प्रत्येकी ३६९.५. अखेरच्या शर्यतीला पहिले दोघे समान गुणांवर येण्याचा प्रसंग १९७४ नंतर पहिल्यांदाच आला होता. शर्यत ५८ फेऱ्यांची. हॅमिल्टन पुढे होता, अंतर साधारण ११ सेकंदांचे, आणि वर्स्टॅपनला ते तोडता येत नव्हते. ५३ व्या फेरीत विल्यम्स संघाच्या निकोलस लटिफीची गाडी भिंतीवर आदळली. अपघात झाला की सेफ्टी कार नावाची एक गाडी सर्वांच्या पुढे येते, सगळ्यांनी तिच्या मागून रांगेने, ठरावीक वेगाने चालायचे आणि कोणी कोणाला ओलांडायचे नाही, असा नियम आहे. अंतरे त्यामुळे आपोआप पुसली जातात. वर्स्टॅपनने ही संधी साधून नवे, मऊ टायर घातले. हॅमिल्टनला तसे करता आले नाही, कारण तो टायर बदलायला आत वळला असता तर वर्स्टॅपन बाहेर राहून पुढे गेला असता. म्हणजे एकाचे टायर ताजे, दुसऱ्याचे शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यापासून घासत आलेले कडक टायर. फक्त दोघांच्या मधे पाच गाड्या होत्या, एक फेरी मागे पडलेल्या. अशा मागे पडलेल्या गाड्यांना सेफ्टी कार ओलांडून पुढे जाऊ देता येते, म्हणजे खऱ्या लढतीतले दोघे एकामागे एक येतात. आधी कळवण्यात आले की या गाड्या ओलांडणार नाहीत. मग थोड्याच वेळात निर्णय फिरला आणि त्या पाच गाड्यांनाच, तेवढ्याच पाचांना, पुढे जाण्याची परवानगी मिळाली. वर्स्टॅपनच्या मागे अडकलेल्या इतर मागच्या गाड्या तशाच राहिल्या. तिसऱ्या क्रमांकावरच्या कार्लोस साइन्झला वर्स्टॅपनवर चाल करण्याची वाट त्यामुळे उघडलीच नाही. ५७ वी फेरी संपताना सेफ्टी कार बाजूला झाली, शेवटची एक फेरी उरली, पाचव्या वळणावर वर्स्टॅपन आत घुसला आणि हॅमिल्टनच्या हातातोंडाशी आलेले आठवे विजेतेपद गेले.

नियमपुस्तकात त्या वेळी दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. मागे पडलेल्या ‘कोणत्याही’ गाड्यांना ओलांडू द्यायचे, आणि शेवटची मागे पडलेली गाडी पुढे गेली की त्याच्या पुढची फेरी संपताना सेफ्टी कार आत जायची. ही दुसरी अट पाळली असती तर शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती. शर्यत संचालक मायकेल मासी यांच्यासमोर त्या मिनिटाला तीन सरळ रस्ते होते. मागच्या गाड्या तशाच ठेवून शर्यत पुन्हा सुरू करायची, मग वर्स्टॅपनला आधी पाच गाड्या पार कराव्या लागल्या असत्या. नाही तर सगळ्यांना ओलांडू द्यायचे आणि शर्यत सेफ्टी कारच्या मागे संपू द्यायची. नाही तर लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवायची आणि सगळ्यांना नवे टायर घालून पुन्हा सोडायचे. हे तिन्ही मार्ग कोणाला ना कोणाला दुखावणारे होते, पण तिन्ही आधी ठाऊक असलेले होते. निवडला गेला चौथाच. हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाची तक्रार पंचांनी फेटाळली. सेफ्टी कारच्या वापराबाबत संचालकाला व्यापक अधिकार आहेत, असे कारण दिले गेले. अपिलाची तयारी करून मर्सिडीजने ती चार दिवसांनी सोडून दिली. मार्च २०२२ मध्ये एफआयए या जागतिक संघटनेने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. निकाल कायम राहिला, संचालकांनी प्रामाणिक हेतूने काम केले असे म्हटले गेले, पण मानवी चूक झाल्याचेही मान्य झाले.

आता बंगळुरू या गोष्टीत कुठे येते ते सांगतो. या शहराला मोटारीचे वेड आयते मिळालेले नाही. आडुगोडीत मायको, म्हणजे आताची बॉश, १९५० च्या दशकात स्पार्क प्लग आणि डिझेल पंप बनवू लागली. बिडदीला टोयोटाचा कारखाना आहे. मर्सिडीज-बेंझचे जर्मनीबाहेरचे सर्वांत मोठे संशोधन केंद्र १९९६ पासून इथे आहे. ‘रेवा’ ही छोटी विजेवरची गाडी २००१ मध्ये इथूनच रस्त्यावर आली. कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबची के-१००० रॅली इथली. डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष आणि २०१९ मध्ये बाजा प्रकारात महिलांचा विश्वचषक जिंकणारी ऐश्वर्या पिसे हीही याच शहराची. २०११ च्या सप्टेंबरमध्ये हॅमिल्टनने नाइस रस्त्यावर मॅक्लारेन पळवून दाखवली तेव्हा लोक नुसता आवाज ऐकायला लोटले होते. अशा शहरातला प्रेक्षक टायर का झिजतो, इंधन किती उरले, कोणत्या फेरीला आत वळायचे याचा हिशेब स्वतः मांडत शर्यत बघतो. निकालाच्या बेरजेत कुठे गडबड झाली ते त्याला लवकर कळते.

पण त्याच्या साक्षीला वजन येते ते दुसऱ्या कारणाने. क्रिकेटमध्ये आपल्या बाजूने आपला देश असतो, फॉर्म्युला वनमध्ये भारतीय प्रेक्षकाला असा आधार नाही. २०२१ च्या शर्यतीत एकही भारतीय ड्रायव्हर नव्हता आणि भारतीय संघही नव्हता. बंगळुरूकडे एकेकाळी स्वतःचा म्हणावा असा एक संघ होता. विजय मल्ल्यांनी डच भागीदारासह स्पायकर संघ विकत घेतला आणि २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ नावाने धावला. २००९ मध्ये बेल्जियमला जियानकार्लो फिसिकेलाने पहिल्या जागेवरून शर्यत सुरू करून दुसरा क्रमांक मिळवला. २०१६ आणि २०१७ मध्ये संघ चौथ्या क्रमांकावर राहिला, म्हणजे कमी पैशांत त्याने मोठे काम केले. तरी त्या संघाच्या गाडीत बसून एकही भारतीय ड्रायव्हर कधी शर्यत धावला नाही, आणि २०१८ च्या जुलैत संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, मालक बदलले, नाव गेले. ग्रेटर नोएडाची भारतीय ग्रां प्री त्याआधीच, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे होऊन बंद पडली होती. थोडक्यात, हॅमिल्टन किंवा वर्स्टॅपनवर जीव लावणाऱ्या बंगळुरूच्या माणसाला पासपोर्टचा, भाषेचा, गावाचा कसलाही संबंध दाखवता येत नाही. इंग्रज प्रेक्षक हॅमिल्टनसाठी रडला तर त्यात देशाभिमान असेल, डच प्रेक्षक नाचला तर त्यातही असेल. इथे तो प्रश्नच येत नाही. त्या डिसेंबरात इथला जो प्रेक्षक चिडला, त्याच्या चिडीतून देशाभिमान वजा केला की उरतो तो बराचसा न्यायाचाच प्रश्न. म्हणून मी त्याची प्रतिक्रिया जास्त गंभीरपणे घेतो.

आता २०२५ चा हंगाम शेजारी ठेवून पाहा. लँडो नॉरिस, मॅक्स वर्स्टॅपन आणि ऑस्कर पियास्ट्री असे तिघे अखेरपर्यंत जेतेपदाच्या शर्यतीत होते. नोव्हेंबरात लास वेगसला नॉरिस दुसरा आणि पियास्ट्री चौथा आला, आणि काही तासांनी दोघेही बाद झाले. गाडीच्या पोटाखाली एक फळी असते. ती शर्यतीनंतर नऊ मिलिमीटरपेक्षा कमी उरता कामा नये, आणि या दोघांच्याही मॅक्लारेन गाड्यांची फळी त्याखाली गेली होती. नॉरिसचे १८ गुण गेले, पियास्ट्रीचे १२. ज्या हंगामाचा निकाल दोन गुणांनी लागला, त्यात ही शिक्षा किती जबर होती याची कल्पना करा. तरीही ‘हा अन्याय आहे’ अशी ओरड झाली नाही. मॅक्लारेनच्या चाहत्यांनी दोष दिला तो आपल्याच संघाला, गाडी इतकी खाली का ठेवली म्हणून. मोजणारे यंत्र सगळ्यांसाठी एकच होते, आकडा आधी लिहिलेला होता, आणि मिलिमीटरला कोणाचा चेहरा दिसत नाही. पुढे अबू धाबीत नॉरिसने युकी त्सुनोदाला ओलांडताना गाडी पट्ट्याच्या बाहेर नेली. त्सुनोदा हा वर्स्टॅपनचाच संघ-सहकारी, म्हणजे वादाला लागणारे सगळे साहित्य तयार होते. पंचांनी शर्यत चालू असतानाच चौकशी केली, वळणे घेऊन वाट अडवल्याबद्दल त्सुनोदाला पाच सेकंदांची शिक्षा दिली आणि नॉरिसला मोकळे सोडले. वर्स्टॅपन शर्यत जिंकला, पियास्ट्री दुसरा, नॉरिस तिसरा आला. हिशेब झाला नॉरिस ४२३, वर्स्टॅपन ४२१, पियास्ट्री ४१०. वर्स्टॅपनच्या चाहत्यांना ती रात्र जड गेली असणार, कारण त्याने हंगामात नॉरिसपेक्षा एक शर्यत जास्त जिंकली होती. पण जिंकणारा कसा जिंकला हे सगळ्यांना समजले होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही सगळी न्यायाची भाषा नंतरची, मुळात जो तो आपला घोडा हरला म्हणून ओरडतो. २०२१ मध्ये तोच निर्णय उलट्या बाजूने पडला असता तर चिडणारे आणि नाचणारे फक्त जागा बदलून बसले असते. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पण पक्षपाती माणसाचे म्हणणे पक्षपातामुळे आपोआप खोटे ठरत नाही. फिर्यादी नेहमी स्वतःच्या नुकसानीसाठीच कोर्टात जातो, आणि कोर्ट त्याचा हेतू बाजूला ठेवून पुरावा पाहते. प्रेक्षकांच्या ओरडीलाही हीच कसोटी लावावी. २००८ च्या ब्राझीलच्या शर्यतीत फेलिपे मासा स्वतःच्या गावी, साओ पावलोत जिंकला आणि काही सेकंद जगज्जेता होता. तेवढ्यात शेवटच्या वळणांवर हॅमिल्टनने टिमो ग्लॉकला गाठले, पाचवा क्रमांक घेतला आणि एका गुणाने, ९८ विरुद्ध ९७ असे, जेतेपद नेले. ग्लॉकने मुद्दाम वाट दिली असे अनेक वर्षे बोलले गेले. ही ओरड तपासून पाहिली की टिकत नाही. ग्लॉक कोरड्या रस्त्याच्या टायरवर होता, पाऊस सुरू झाला होता, गाडीला पकडच उरली नव्हती. त्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात ते स्पष्ट दिसते. अबू धाबीची ओरड तपासली की मात्र नियमाच्या शब्दाशी येऊन थांबते, आणि पुढे चौकशी समितीही तिथेच येऊन थांबली. ओरडणारा कोण हे पाहू नये, तो कशावर बोट ठेवतो ते पाहावे.

या बाबतीत बंगळुरूला तर घरच्याच मुलाचे उदाहरण आहे. कुश मैनी हा इथला ड्रायव्हर फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली, फॉर्म्युला टूमध्ये धावतो. २०२४ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच बहारीनमध्ये त्याने सर्वांत वेगवान वेळ देऊन पहिली जागा मिळवली, आणि तांत्रिक तपासणीत गाडी नियमात बसली नाही म्हणून ती गेली. त्याच वर्षी जुलैत बुडापेस्टला तो छोट्या शर्यतीत दुसरा आला. पहिला आलेला रिचर्ड व्हर्शूर तांत्रिक नियमभंगामुळे बाद झाला आणि मैनीला फॉर्म्युला टूमधला पहिला विजय मिळाला. पंचांच्या खोलीने एकदा घेतले, एकदा दिले. त्याच्या चाहत्याने बहारीनचा निर्णय मानला असेल तरच बुडापेस्टचा आनंद त्याला निखळपणे घेता येतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात मैनीने मोनाकोची छोटी शर्यत पहिल्या जागेवरून सुरुवात करून जिंकली आणि त्या विजयाला कोणाच्या बाद होण्याची गरज लागली नाही. तरी बुडापेस्टचा विजय त्यापेक्षा कमी दर्जाचा, असे मी म्हणणार नाही. दोन्हींमागे एकच नियमपुस्तक होते.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. प्रेक्षकाला नियम हवा असतो असे म्हणता, पण त्याला थरारही हवा असतो, आणि दोन्हींची टक्कर झाली की तो थराराच्या बाजूने जातो. पुरावाही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मोंझाला डॅनियल रिकार्डोची गाडी बंद पडली, सेफ्टी कार आली, आणि या वेळी नियम अक्षरशः पाळला गेल्यामुळे शर्यत तिच्यामागेच संपली. इटालियन प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून निषेध केला. म्हणजे नऊ महिन्यांपूर्वी जे न केल्याबद्दल जग चिडले होते, तेच केल्याबद्दल मोंझा चिडले. मला यात विसंगती दिसते, पण दोन चिडींची जात वेगळी दिसते. मोंझात लोक म्हणत होते की नियम रुक्ष आहे, तो बदला. अबू धाबीत म्हणत होते की नियम होता, तो पाळला का नाही? पहिली तक्रार नियम करणाऱ्यांकडे जाते आणि पुढच्या हंगामात तिचे उत्तर देता येते. दुसरी तक्रार झालेल्या निकालाच्या मुळावर येते. क्रिकेटच्या प्रेक्षकाला हा फरक २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातून लगेच समजेल. इंग्लंड आणि न्यूझीलंडची धावसंख्या सारखी, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि चौकार-षटकार जास्त म्हणून इंग्लंडला कप. साऱ्या जगाने त्या नियमाला नावे ठेवली, त्याच वर्षी ऑक्टोबरात आयसीसीने तो बदललाही. पण त्या नियमाने न्यूझीलंडला फसवले असे फारसे कोणी म्हटले नाही, कारण तो वेडावाकडा नियम सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना ठाऊक होता. वाईट नियम पाळला गेला की प्रेक्षक हळहळतो आणि सुधारणा मागतो. चांगला नियम ऐन वेळी वाकवला गेला की त्याचा पुढच्या निकालांवरचाही विश्वास उडतो.

थराराचा हा प्रश्न आपल्या देशात एकदा अगदी कायद्याच्या भाषेत उभा राहिला होता, हे इथे आठवायला हवे. ग्रेटर नोएडाची शर्यत खेळ मानायची की करमणूक, आणि तिच्यावर करमणूक कर लावायचा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वेळी शर्यतीचे चाहते दुखावले होते: ज्यासाठी ड्रायव्हर मान मोडण्याचा धोका पत्करतो ती करमणूक कशी? पण त्यांचा मुद्दा टिकतो तो एकाच अटीवर. करमणुकीत शेवट लेखकाच्या हातात असतो, खेळात तो कोणाच्याही हातात असता कामा नये. अबू धाबीला शेवटची फेरी मोकळ्या रस्त्यावर धावली जावी, ही इच्छा समजण्यासारखी होती, संघांनीही तत्त्व म्हणून ती आधी मान्य केलेली होती. पण ती इच्छा पुरी करण्यासाठी पाचच गाड्या निवडून बाजूला काढल्या गेल्या तेव्हा खेळाने करमणुकीचे नियम उसने घेतले. माझ्या मते वर्स्टॅपनवरही हा अन्यायच होता. त्याने हंगामात सर्वांत जास्त शर्यती जिंकल्या होत्या, शेवटच्या फेरीत हाती आलेली संधी अचूक साधली होती, आणि तरी त्याच्या पहिल्या जगज्जेतेपदाचा उल्लेख आला की आजही वाद आधी आठवतो.

तिसरा आक्षेप ओरडीच्या रूपाबद्दल आहे, आणि तिथे मी प्रेक्षकांची बाजू घेणार नाही. लटिफीने भिंतीला धडकण्यापलीकडे काहीही केले नव्हते, तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मासींनाही आल्या. २०२५ मध्ये कतारच्या शर्यतीत अखेरीस अवघ्या १९ वर्षांच्या किमी अँटोनेलीची गाडी घसरली, नॉरिस त्याला ओलांडून चौथा आला आणि त्याला दोन जादा गुण मिळाले. पुढे जेतेपद दोन गुणांनीच ठरले. अँटोनेलीने मुद्दाम वाट दिली असे वर्स्टॅपनच्या रेड बुल संघाच्या गोटातून सुचवले गेले, शिव्याशापांचा आणि धमक्यांचा पूर त्या पोरावर आला, आणि नंतर रेड बुलला आपले म्हणणे चुकीचे होते हे जाहीरपणे मान्य करावे लागले. आपल्याकडेही हे घडते. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत चीतपटीच्या निर्णयावरून शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. खांदे दोन्ही टेकले होते का, चित्रफीत पाहायला हवी होती का, हे प्रश्न रास्त होते, चर्चाही व्हायला हवी होती. पण लाथ पडली आणि चर्चा लाथेची झाली, खांद्यांची राहून गेली. धमकी देणारा प्रेक्षक स्वतःच्याच तक्रारीचा असा घात करतो. अधिकाऱ्यांना मग उत्तर देण्याऐवजी संरक्षण मागण्याची सोय होते, आणि ते संरक्षण देणे भागच असते.

नियमावर बोट ठेवणाऱ्या ओरडीने काय मिळवले याची नोंद मात्र पक्की आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी पदावरून दूर झाले आणि संचालकाच्या मदतीला दूरस्थ नियंत्रण कक्ष उभा राहिला. संघप्रमुखांनी शर्यत चालू असताना संचालकाच्या कानाशी लागून आर्जवे करण्याचा प्रकार प्रक्षेपणातून बंद झाला आणि त्याला मर्यादाही आल्या. नियमातल्या ‘कोणत्याही’ गाड्यांच्या जागी ‘सर्व’ गाड्या असा शब्द आला. कोणत्या गाड्या एक फेरी मागे आहेत हे माणसाने घाईत मोजण्याऐवजी संगणकाने सांगायचे ठरले. त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमला पावसात सेफ्टी कारच्या मागे फिरून अर्धे गुण वाटले गेले होते. भिजत उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांच्या रागानंतर गुण कधी आणि किती द्यायचे याचाही नियम बदलला. हॅमिल्टन आणि वर्स्टॅपनच्या गुणांपुढचा तो अर्धा तिथूनच आलेला होता. आणि जून २०२५ मध्ये एफआयएने कोणत्या चुकीला किती शिक्षा याची पंचांसाठीची मार्गदर्शक सूत्रे पहिल्यांदा लोकांसाठी खुली केली. त्सुनोदाच्या पाच सेकंदांवर सहा महिन्यांनी गदारोळ झाला नाही त्याचे एक कारण मला हे दिसते. घरी बसलेला माणूसही आता सूत्र उघडून पडताळू शकत होता. हे सगळे एकट्या प्रेक्षकांनी घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, मर्सिडीजसारख्या बलाढ्य संघाचा दबाव होताच. पण मर्सिडीजने अपील सोडून दिल्यावरही प्रश्न जिवंत राहिला तो प्रेक्षकांमुळे.

या अनुभवाचा उपयोग आता आपल्या अंगणात करायचा आहे. भारतात मोटार शर्यती पुन्हा बाळसे धरू लागल्या आहेत. चेन्नईच्या रस्त्यांवर २०२४ मध्ये दिव्यांच्या उजेडात शर्यत झाली, इंडियन रेसिंग लीगमध्ये शहरांच्या नावाचे संघ आहेत, आणि २०२५ पासून कन्नड अभिनेते सुदीप यांचा संघ बंगळुरूचे नाव लावून उतरला आहे. गोव्याच्या नावाचा संघही त्यात आहे, आणि कोल्हापूरच्या मोहिते अकादमीच्या ट्रॅकवर कार्टिंग शिकणारी मुले उद्या तिथे पोहोचतील. शहराचे नाव आले की पासपोर्टशिवायचा तो निर्लेप प्रेक्षक उरणार नाही, आपले आणि परके सुरू होईल. विजेतेपद कधीतरी शेवटच्या फेरीवर, एखाद्या पंचाच्या एका निर्णयावर येऊन ठेपेल. त्या दिवसाची तयारी आताच करता येते. देशातल्या शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाला माझी विनंती अशी: शिक्षांची सूत्रे हंगाम सुरू होण्याआधी सर्वांसाठी खुली ठेवा, प्रत्येक निर्णय कोणत्या कलमाखाली आणि का दिला ते त्याच संध्याकाळी प्रसिद्ध करा, आणि ते इंग्रजीबरोबर कन्नड, तमिळ, मराठीतही द्या. तिकीट काढून आलेल्याने शर्यत डोळ्यांनी पाहिलेली असते. निकालाचे कारणही त्याला त्याच दिवशी, त्याच्या भाषेत वाचायला मिळाले पाहिजे.